पेंड्र्याचे मासिक आणि मंडालेचा ग्रंथ

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक-मंडळींकडून आला तेव्हा माझ्याही मनात प्रथम नागपूरकर भोसल्यांचाच विषय उभा राहिला. महाराष्ट्राबाहेरील मंडळांच्या स्मरणिकांतून असे लेख आपण नेहमीच वाचतो. मराठ्यांची घोडी कोठवर दौडली, कोणत्या नदीचे पाणी प्याली, ह्याचे वर्णन लिहिणाऱ्यालाही सुखावते आणि वाचणाऱ्यालाही. मीही तसाच लेख लिहावयास बसलो होतो. परंतु लिहिता लिहिता असे ध्यानात आले की, रायपूरच्या सामान्य माणसाच्या बोलण्यात बिंबाजी भोसल्यांचे नाव क्वचितच येते. उलट ‘लाखेनगर’ आणि ‘सप्रे शाळा’ ही दोन नावे मात्र रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतात. ती नावे ज्यांची, ती दोन माणसे मराठी होती, हे उच्चारणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक असते? आपल्या मुलांना तरी ठाऊक आहे काय? बी. ए.ला इतिहास हा विषय घेतला होता, एवढ्याच अधिकारावर मी विषय बदलण्याचे ठरविले.

तथापि भोसल्यांना अगदीच ओलांडून जाता येणार नाही, कारण आपण सारे येथे का आलो ह्याचे मूळ तेथे आहे. इ. स. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत हे पूर्वेकडील मोहिमेवर जाताना रतनपूरवर चालून गेले आणि तेथील जुन्या हैहयवंशी राज्याचा शेवट जवळ आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर हे त्यांचे स्मारक होय. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चालही त्यांच्याच काळात इकडे रुजली असे सांगतात. येथवर सर्व ठीक. परंतु बिंबाजींच्या पश्चात हा मुलूख नागपुराहून नेमलेल्या सुभेदारांच्या हाती गेला आणि वसुलीपुरताच नागपूरचा ह्या प्रदेशाशी संबंध उरला. १८१८ ते १८३० ह्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी येथील कारभार पाहिला. त्यांपैकी अॅग्न्यू ह्याने रतनपूरऐवजी रायपूर हे मुख्य ठाणे केले. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांतून सुभेदारीच्या काळातील रयतेच्या हलाखीचे वर्णन येते. ते लिहिणारे इंग्रज होते आणि त्यांचा स्वार्थ उघड होता हे मान्य करूनही, ते सर्वस्वी खोटे म्हणून झटकून टाकता येईल असे मला वाटत नाही. १८३० मध्ये हा प्रदेश तिसऱ्या रघूजींकडे परत आला. १८५३ च्या डिसेंबरात ते निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी डलहौसीने सारे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर राजधानी धरून मध्यप्रांत निर्माण झाला. त्या मध्यप्रांताच्या कचेऱ्या, शाळा व न्यायालये ह्यांच्या आश्रयाने कारकून, मास्तर, वकील, पुढे रेल्वेतील बाबू अशी मराठी कुटुंबे रायपूर-बिलासपूरकडे येत राहिली. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा ह्या वस्त्यांतील जुनी मराठी घरे बहुतेक ह्याच वर्गातली.

माधवराव सप्रे हे ह्याच वर्गात जन्मले. जन्म १९ जून १८७१, दमोह जिल्ह्यातील पथरिया ह्या गावी. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे होत होत बी. ए.पर्यंत झाले. त्या काळी ह्या भागातला बी. ए. झालेला तरुण म्हणजे जवळजवळ ठरलेला सरकारी अधिकारीच. सरकारी नोकरी न करण्याचा निर्णय त्यांनी घेतला, हे वाचताना माझ्यासारख्या जन्मभर सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला थोडे ओशाळल्यासारखे होते. ते पेंड्र्याच्या राजकुमारांना इंग्रजी शिकविण्यासाठी म्हणून पेंड्रा येथे जाऊन राहिले आणि त्या पगारातून शिल्लक टाकून, जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पेंड्रा हे त्या वेळी बिलासपूर जिल्ह्यातले, रानाने वेढलेले एक जमीनदारीचे ठिकाण होते. २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही असा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. तेथे छापखाना नव्हता. मजकूर पेंड्र्यास तयार व्हावा, छपाई आरंभी रायपुरास आणि नंतर नागपूरच्या देशसेवक छापखान्यात व्हावी, अशी ही तीन गावांची खटपट होती. संपादक म्हणून सप्रे ह्यांच्या जोडीला रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी! छत्तीसगडातील वृत्तपत्रव्यवसायाचा आरंभ ह्याच मासिकापासून मानतात.

येथे एक प्रश्न सहज मनात येतो. मातृभाषा मराठी असता ह्या तिघांनी हिंदीत का लिहावे? मराठी मासिक काढले असते तर नागपूर, अमरावती, पुणे येथे वर्गणीदार तरी लाभले असते. ह्याचे एक उत्तर असे की, सप्रे ह्यांना हिंदीची गोडी रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे ह्या शिक्षकांनी लावली. परंतु तेवढ्याने भागत नाही. ज्यांच्यामध्ये आपण राहतो, ज्यांच्या शेतांतील तांदूळ खातो, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलावे, ही त्यामागची खरी ओढ असावी असे मी समजतो. नावातच ‘मित्र’ हा शब्द आहे. ज्या प्रदेशावर आपल्या जातभाईंनी सुभेदारी केली, त्या प्रदेशापुढे हे तिघे मित्र ह्या नात्याने उभे राहिले.

ह्याच मासिकात एप्रिल १९०१ मध्ये सप्रे ह्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट आली. हिंदीतील पहिली कथा तीच, असे कित्येक समीक्षक मानतात. इतरांची मते निराळी आहेत. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. गोष्ट मात्र सर्वांनी वाचण्यासारखी आहे. एका जमीनदाराने आपल्या वाड्यालगतची एका गरीब विधवेची झोपडी कायद्याच्या आधाराने बळकावली. आपली नात त्या घरावाचून जेवेनाशी झाली, म्हणून ती म्हातारी चुलीसाठी तेथली टोपलीभर माती मागावयास येते आणि टोपली उचलावयास जमीनदाराने हात लावावा अशी विनंती करते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा ती त्याला विचारते की, एक टोपली पेलत नाही, तर त्या झोपडीच्या साऱ्या मातीचे ओझे जन्मभर कसे पेलशील? गोष्ट दोन पानांची. जमीनदारीच्या गावी राहून, जमीनदाराच्या मुलांना शिकवून, माणूस हे लिहितो आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मासिक तोट्यात चालले आणि डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. तीन वर्षे ही काही थोडी नव्हेत. स्मरणिकेच्या एका अंकासाठी जाहिराती गोळा करताना आपल्या कार्यकारिणीची काय अवस्था होते, ते आपण पाहतोच.

पुढील काळ स्वदेशीचा. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत साऱ्या देशासाठी एक लिपी असावी आणि ती देवनागरी असावी, असे प्रतिपादन केले. पुण्याचा ‘केसरी’ मराठी जाणणाऱ्यांपुरता होता. त्याचा विचार हिंदी प्रांतांत पोचविण्याचे काम सप्रे ह्यांनी अंगावर घेतले आणि १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुराहून ‘हिंद केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. स्वदेशी व बहिष्कार ह्या विषयावरील त्यांचे हिंदी पुस्तकही ह्याच काळातले. ते पुढे सरकारने जप्त केले.

असे काम करणारे ते एकटेच नव्हते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आजच्या झारखंडातील देवघर भागात वाढलेले सखाराम गणेश देउस्कर ह्यांनी ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहिले आणि तेही सरकारने १९१० मध्ये बंद केले. त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर हे काशीच्या ‘आज’ ह्या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी जगात आजही वंदनीय मानले जातात. ही सारी आपल्यासारखीच, घरापासून दूर वाढलेली मराठी माणसे. युरोपच्या इतिहासातही असे दाखले आहेत. इटलीचे एकीकरण ज्याने घडविले तो काव्हूर इटालियनपेक्षा फ्रेंच सहजतेने लिहीत-बोलत असे. आयर्लंडचा डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमध्ये जन्मला. राष्ट्राची उभारणी त्या राष्ट्राच्या मध्यभागी बसलेलीच माणसे करतात असे नाही. कडेला राहणाऱ्याला, दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे असणाऱ्याला, राष्ट्र ही वस्तू कधी कधी अधिक स्पष्ट दिसते.

आता मी अशा प्रसंगाकडे येतो, जो गौरवपर लेखांतून बहुधा एका ओळीत उरकला जातो किंवा गाळलाच जातो. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरचा बाँबस्फोट झाला. त्यावरील ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या लेखांचा आशय हिंदीत देणाऱ्या ‘हिंद केसरी’वर सरकारची नजर वळणे अपरिहार्यच होते. ऑगस्टमध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली सप्रे ह्यांना नागपुरात अटक झाली. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर ह्यांच्यावरही त्याच सुमारास तशीच कारवाई झाली. तीन महिन्यांनंतर, नोव्हेंबर १९०८ मध्ये, सप्रे ह्यांनी सरकारला माफी लिहून दिली आणि ते सुटले.

ह्याचे कारण असे सांगतात की, त्यांचे थोरले बंधू बाबूराव तुरुंगात भेटावयास आले आणि माफीपत्रावर सही न केल्यास आपण प्राणत्याग करू, असे त्यांनी निक्षून सांगितले. बापाच्या ठिकाणी मानलेला भाऊ असे बोलला, तेव्हा सप्रे नमले. ह्या सहीबद्दल त्यांच्यावर फार टीका झाली. ज्याने गावोगावी स्वदेशीची दीक्षा दिली, त्याने टिळक मंडालेस जाताच माफी मागावी, हे त्या काळच्या तरुणांना सहन होणे शक्यच नव्हते.

ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. काही लेखक टिळकांच्या १८८२ च्या प्रकरणाचा आधार घेतात. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांनी केलेला मजकूर बनावट पत्रांवर आधारलेला निघाला, तेव्हा टिळक व आगरकर ह्यांनी दिलगिरी प्रकट केली होती आणि तरीही त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. परंतु ही तुलना मला योग्य वाटत नाही. तेथे पुरावा खोटा ठरला होता; येथे लेखकाचा आपल्या लिखाणावरील विश्वास कायम होता. १८९७ च्या खटल्यात माफी मागण्याचा सल्ला टिळकांना मित्रांनी दिला होता आणि त्यांनी तो मानला नाही, हेही सर्वश्रुत आहे. तेव्हा सप्रे चुकलेच नाहीत असे मी म्हणणार नाही. तसे म्हणावे हे त्यांना स्वतःलाही आवडले नसते, कारण त्यांच्या पुढील वर्तनावरून असे दिसते की, त्या सहीचा सर्वांत कठोर निवाडा त्यांनी स्वतःच केला होता.

सुटून आल्यावर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. वर्ध्याजवळच्या हनुमानगढ येथे श्रीधर विष्णु परांजपे ह्या रामदासी सत्पुरुषांच्या सान्निध्यात ते राहिले, माधुकरी मागून जेवले आणि समर्थांचा ‘दासबोध’ पुनःपुन्हा वाचीत राहिले. बी. ए. झालेला, दोन पत्रांचा संपादक असलेला माणूस झोळी घेऊन दारोदार फिरतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. पुढे त्यांनी ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर केले. ते करताना सप्रे ह्यांच्या मनात काय चालले असेल ह्याचा अंदाज, समर्थांनी निःस्पृहपणाविषयी किती निष्ठुरपणे लिहिले आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना करता येईल.

दरम्यान मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१४ मध्ये ते सुटले आणि १९१५ मध्ये तो ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद सप्रे ह्यांनी केला आणि तो १९१६ मध्ये निघाला. ज्याने माफी दिली नाही त्याने शिक्षा भोगताना लिहिलेला ग्रंथ, ज्याने माफी दिली त्याने हिंदीत आणला! हे काम टिळकांनी त्यांच्या हाती जाऊ दिले, ह्यातच गुरूने शिष्याविषयी काय ठरविले होते ते मला दिसते; ह्याहून निराळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. ‘गीतारहस्य’ हे पुस्तक भाषांतराला सोपे नव्हे. मीमांसेपासून कांट व स्पेन्सरपर्यंतची परिभाषा, टिळकांची लांबच लांब वाक्ये, आणि हिंदी गद्य तर त्या वेळी अजून आपली घडी बसवीत होते. तरीही तो अनुवाद टिकला, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि उत्तर हिंदुस्थानातील कित्येक घरांत लोकमान्य पोचले ते त्याच वाटेने. पुढे चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही हिंदी रूपांतर त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ ह्या नावाने केले.

नंतरचा काळ मी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९२० मध्ये जबलपुराहून निघालेल्या ‘कर्मवीर’मागे त्यांचीच प्रेरणा होती, संपादक माखनलाल चतुर्वेदी होते. असहकाराच्या दिवसांत रायपूरच्या राष्ट्रीय विद्यालयाच्या व अनाथाश्रमाच्या कामात ते होते. १९२४ मध्ये देहरादून येथील अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी मातृभाषा असलेल्या माणसाला हिंदी साहित्यिकांनी दिलेला हा मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी ते रायपुरात वारले. वय अवघे चोपन्न.

त्यांचे प्रकाशक-मित्र वामनराव लाखे हे निराळ्या घडणीचे. जन्म रायपूरचाच, १८७२ चा, व्यवसाय वकिलीचा. सप्रे शब्दांत रमणारे, तर लाखे हिशेबात. १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने, आणि सावकाराच्या तावडीतील शेतकऱ्याला कमी व्याजाने कर्ज मिळण्याची सोय झाली. पुढे १९४५ मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी निघाली, तीतही ते होते. सरकारने दिलेला रावसाहेब हा किताब त्यांनी असहकाराच्या काळात परत केला. १९३० च्या सत्याग्रहात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणू लागले होते. लाखे हे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलालसिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. एक मराठी ब्राह्मण वकील, एक मठाधिपती, एक ठाकूर, एक मौलवी आणि एक मारवाडी व्यापारी हे एकाच घरचे भाऊ म्हणून लोकांनी स्वीकारावेत, हे मला त्या काळातील मोठमोठ्या ठरावांपेक्षा अधिक बोलके वाटते. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात लाखे पुन्हा तुरुंगात गेले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य त्यांना एक वर्ष पाहावयास मिळाले.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये काँग्रेसने आपले प्रांत भाषेनुसार पाडले. मध्यप्रांत सरकारी दृष्ट्या एकच असला तरी काँग्रेसच्या नकाशात त्याचे मराठी व हिंदी असे भाग झाले. नागपूर मराठीत गेले, रायपूर हिंदीत. लाखे ह्यांच्यासारख्यांना आपण कोणत्या भागातले, हा प्रश्न पडला असता तर तो गैर म्हणता आला नसता. त्यांनी मात्र रायपूरची काँग्रेस हीच आपली काँग्रेस मानली. पुढे १९३८ च्या जुलैत प्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे आणि महाकोशलचे मंत्री ह्यांचे फाटले, खरे पायउतार झाले आणि रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. तेव्हा नागपूरच्या पुष्कळ मराठी मंडळींना तो मराठीचा पराभव वाटला. हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. सांगावयाचे ते इतकेच की, प्रांत मोडण्याची चाहूल तेव्हाच लागली होती.

तो मोडला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर-बिलासपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी नागपुराहून भोपाळला गेली. ज्या घरांत नागपूरचे माहेर आणि रायपूरचे सासर होते, त्या घरांतील लेकीसुना एका दिवसात दोन राज्यांच्या झाल्या. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी तीच राहिली. पण सरकारी कागदावर आपण परप्रांतातले मराठी झालो ते त्या दिवशी. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. मंडळांच्या ग्रंथालयांतून मराठी ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ बहुधा असतातच. सप्रे ह्यांनी केलेली त्यांची हिंदी भाषांतरे आपल्या ग्रंथालयात ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आणावीत आणि त्याच कपाटात, मराठी प्रतींना लागून ठेवावीत. आपली नातवंडे हिंदी शाळांतून शिकली आहेत. त्यांतील काहींना टिळकांची मराठी वाक्ये आता जड जातात. त्यांना ती सप्रे ह्यांच्या हिंदीतून वाचता येतील.